शीटवर नसलेला जिना

—नाही, नाही आणि नाही. तीनदा सांगून झालं, आता चौथ्यांदा विचारलंस तर सरळ दार दाखवीन. शीटवर जिना नाही म्हणजे जिना नव्हता, विषय संपला. ते नकाशाचं शीट मी काढलंय, ह्या हातानं, खाली कोपऱ्यात माझी सही आहे, छत्तीस वर्षांपूर्वीची तारीख आहे, आणि तू मलाच येऊन सांगतेस की जिना होता? वा गं वा! बस आधी. उभी राहू नकोस, उजेड अडतो माझा. खुर्चीवर नको, तिथे कागद आहेत — त्या स्टुलावर बस. आणि हे मावशी-मावशी काय लावलंयस मघापासून? मावशी म्हणजे आईची बहीण. मी तुझ्या आईची कोणी नाही. बाई म्हण. सर्वे ऑफिसात सगळे बाईच म्हणायचे मला — शिपायापासून मोठ्या साहेबापर्यंत. चोवीस माणसांत एकटी बाई नकाशाच्या टेबलावर, दुसरं काय म्हणणार?

हं. तर तुझं म्हणणं मला कळलं, मी बहिरी नाहीये. गल्ली पाडून नवी इमारत बांधतायत. जुन्या शीटवर ज्याचं बिऱ्हाड वेगळं, ज्याला स्वतःची वाट आहे, त्याला नव्या इमारतीत खोली. तुमची वरची खोली शीटवर माळा म्हणून लागलीय, कारण वर जायला बाहेरून जिनाच दाखवलेला नाही. आणि खालचा सुतार म्हणतो, माळा माझ्या दुकानाचा, जिना मी नंतर माझ्या हातानं ठोकला, ह्या बाईला मी दयेपोटी राहू दिलं. बरोबर? आता सुतारच तो, जिना मी केला म्हणाला तर कोण नाही म्हणणार! आणि घराचे कागद तुझ्या बापानं कुठंतरी हरवले. लांबच्या गाड्यांवर ड्रायव्हर होता ना तो? मग तसंच. म्हणजे बापानं कागद हरवायचे, आईनं चाळीस वर्षं गप्प बसायचं, आणि सुनावणीच्या आदल्या दुपारी मुलीनं माझा पत्ता शोधत यायचं, घामाघूम होऊन. गरज सरो वैद्य मरो असतं, तुमचं आपलं वैद्य मरायला टेकल्यावर गरज.

काय दाखवतेस? मोबाईल? ठेव तो बाजूला. फोटो नको मला. बघते — अगं, हे किती काढलेस? चाळीस? बेचाळीस फोटो एका जिन्याचे! आणि एकदा तरी बघितलास का तो जिना? चढलीस, उतरलीस, माहितीये. चढण्याला बघणं म्हणत नाहीत. फोटो काढला की माणसाला वाटतं आपण बघितलं, आणि मग बघायचं राहूनच जातं. हा घे कागद. ही पेन्सिल. काढ. काढ म्हणजे काय काढ? तुमचा जिना काढ! मला कुठे कलाकार हवाय, नुसत्या रेघा मार. पायऱ्या किती, कठडा कुठल्या बाजूला, वळतो कुठे, खाली पहिल्या पायरीखाली काय आहे. जन्म गेला ना त्याच्यावर? सदतीस वर्षं म्हणालीस वय. मग काढ की. मी थांबते.

…झालं? दाखव. अरे देवा. हे काय आहे? शिडी आहे का कुणाची फासळी? नऊ पायऱ्या काढल्यास. कठडा उजव्या हाताला काढलास, चढताना — उतरताना उजवीकडे असतो तो, म्हणून हाताला तसं आठवतंय तुझ्या. आणि हा असा सरळ वर कुठे निघाला, आकाशात? सातव्या पायरीला तो डावीकडे वळतो, कारण तिथे सुताराच्या खिडकीचा छज्जा मध्ये येतो, तो चुकवायला. खाली दगड आहे, पायरी नाही, दगड — घासून मधोमध खोलगट झालेला. आणि नऊ नाहीत, अकरा आहेत. अकरा! सदतीस वर्षं चढलीस आणि—

काय बघतेस अशी माझ्याकडे?

हो. म्हणाले मी अकरा. ऐकलंस, आता काय? हुशार आहेस, आईवर गेली नाहीस. बरं, मग ऐकच. होता जिना. अकरा पायऱ्यांचा, लाकडी, हाच जो आता आहे तोच, सुताराच्या बापाचासुद्धा नाही तो, त्याच्याही आधीचा आहे. आता उडी मारू नकोस. बस खाली. होता म्हणून तुला काय मिळालं? माझ्या तोंडाला कोण पुरावा म्हणतो? कागद म्हणतो नव्हता, आणि ऑफिसात कागदच खरा. मीच शिकवलं हे कितीजणांना.

तुला वाटत असेल म्हातारी चुकली असेल, घाईत राहून गेला असेल एक जिना. मी? गल्लीतल्या नळाची तोटी कुठल्या बाजूला फिरते तेसुद्धा मी चुकवलं नाही कधी. तुला ठाऊक नाही आमच्याकडे काम कसं चालायचं ते. आमचे हेड ड्राफ्ट्समन होते — टोकमास्तर म्हणायचे सगळे, कारण त्यांच्या पेन्सिलीचं टोक कधी बोथट कुणी बघितलं नाही, आणि जिभेचंही. बाकी ऑफिसं काय करायची? टेप घेऊन जायचं, लांबी-रुंदी मापायची, येऊन शीट काढायचं. टोकमास्तर म्हणायचे, टेपनं गल्लीची लांबी कळेल, गल्ली नाही कळायची. म्हणून त्यांचा नियम — माप घ्यायच्या आधी एक अख्खा दिवस त्या गल्लीत बसायचं, उलट्या खोक्यावर, मांडीवर चित्रवही, आणि जे दिसेल ते हातानं काढायचं. टेप नाही, पट्टी नाही, रबर नाही. आणि गल्ली पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही. ऊन येवो, पोरं अंगावर चेंडू मारोत, बायका टोमणे मारोत — उठायचं नाही. हसायचे लोक आम्हाला. मलाही पहिले दोन महिने वाटलं, म्हातारा वेडा आहे, पगार सरकारचा आणि चित्रं काढतोय.

मग हळूहळू कळायला लागलं. काढताना कळतं गं, बघताना नाही. तू आपली भिंत काढत असतेस, रेघ ओढत असतेस, आणि रेघ मध्येच अडते — का अडली? तर इथे विटा वेगळ्या आहेत. का वेगळ्या? तर इथे दार होतं, बुजवलंय. मग समोर बघावं, तर समोरच्या घराचंही दार बुजवलेलं, त्याच उंचीवर. म्हणजे दोन भाऊ होते, एका अंगणात जेवत होते, आणि एक दिवस भांडले. कुणी सांगायला लागत नाही. गटाराची रेघ काढली की गल्लीत कुणाचं चालतं ते कळतं — ज्याच्या दारासमोर फरशी टाकून गटार झाकलंय, तो. कोपऱ्यावरचं प्लास्टर खांद्याच्या उंचीला गुळगुळीत झालंय, म्हणजे तिथे पुरुष टेकून उभे राहतात, आणि समोर बघावं तर समोर नळ, बायका पाणी भरणार. तुला सांगते, ह्या शहराच्या एकशे बारा गल्ल्या मी अशा बसून काढल्या. माझ्या स्वतःच्या घराबद्दल मला जेवढं ठाऊक नव्हतं तेवढं मला लोकांच्या घरांबद्दल ठाऊक होतं. हसलीस? हस. हसण्यासारखंच आहे.

तुमची वाकडी गल्ली शहात्तरावी. सकाळी साडेआठला मी खोकं टाकलं, सुताराच्या दुकानासमोर, पलीकडच्या बाजूला. तू होतीस तेव्हा, कडेवरची, नाक वाहात असलेली. तुझी आई खाली येऊन मला विचारून गेली, बाई चहा देऊ का. मी नको म्हणाले. कामावर असताना कुणाचं घ्यायचं नाही, हा पण टोकमास्तरांचा नियम. शिवण करायची ना ती? जाड सुईचं मशीन होतं तिच्याकडे, खाली गल्लीत आवाज यायचा खडखड खडखड. छान होती दिसायला. आता काय, आता गुडघे गेले म्हणतेस. माझेही गेलेत.

दुपारपर्यंत मी जिन्यापाशी आले. जिना काढायला मला आवडायचं. आधी खालून वरपर्यंत अकराही पायऱ्या रेघांनी घेतल्या, मग पुन्हा खालून बारकावे भरायला लागले — दगड, पहिली पायरी, दुसरी. तिसऱ्या पायरीवर चपला होत्या. पुरुषाच्या. तुझ्या आईकडे येणारा जाणारा तिसऱ्या पायरीवर चपला काढायचा, वर कापडं पसरलेली असायची म्हणून — हे मला त्याच दिवशी कळलं होतं, सकाळपासून तीन बायकांनी तिथेच काढल्या होत्या. ह्या कधी आल्या ते दिसलं नव्हतं, मध्ये तासभर मी गल्लीचं दुसरं टोक काढत होते. तर चपला होत्या, मी काढल्या. जे दिसेल ते काढायचं. टाचा गल्लीकडे, पंजे वर. काळा पट्टा, आणि डाव्या पट्ट्याला तुटलेल्या जागी पांढऱ्या दोऱ्याचे टाके. टाके मोजून काढले मी — पाच. पाचवा काढला, आणि हात थांबला. ह्या चपला मी रोज सकाळी दारात बघते. ह्यांच्या चपला आहेत ह्या. हात आधीच काढून मोकळा झाला होता गं, डोक्याला मागून कळलं.

आमचे हे पाण्याचे मीटर बघायला जायचे, घरोघर. तुमची गल्ली ह्यांच्याच भागात. पट्ट्याला पांढरे टाके बघून महिनाभर आधीच मी विचारलं होतं, कुणी शिवलं हे इतकं घट्ट? तर म्हणाले, तिकडे एक शिवणवाली आहे, जाड मशीन आहे तिच्याकडे, तिनं दिलं मारून. एवढंच. मी विसरूनही गेले होते. आणि आता त्याच शिवणवालीच्या जिन्यावर, भर दुपारी, आणि वरचं मशीन बंद. खडखड थांबलेली. नवरा तिचा लांब गाडीवर. मी काय समजायचं, तूच सांग? नाही, सांगू नकोस. तुला काय कळतंय.

वर गेले असते तर? नाही गेले. हाक मारली असती तर? नाही मारली. बसून राहिले असते खोक्यावर, कधीतरी माणूस खाली उतरलाच असता, चपला घालायला. तासाभरात उतरला असता. नियमच होता ना, गल्ली पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. एकशे बारा गल्ल्यांत तो नियम मी एकदा मोडला, तेवढ्या एकदा. वही मिटली, खोकं तिथेच टाकलं आणि चालत घरी आले. संध्याकाळी हे आले नेहमीसारखे, पाय धुतले, चहा मागितला. मी चहा दिला. बोलले काहीच नाही.

शीट आठवड्यानं काढलं. शाईत. जिना म्हणजे शीटवर काय असतो ठाऊक आहे? एक लांबट चौकोन, आत आडव्या रेघा, आणि एक छोटा बाण, वर जाणारा. बास. तेवढं काढायला दोन मिनिटं लागतात. मी नाही काढलं. तुमच्या खोलीवर लिहिलं — माळा. सुंदर अक्षरात. खोटं कशाला सांगू? बरंसुद्धा वाटलं. म्हटलं, जा आता वर. बघू कशी जातेस. टोकमास्तरांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकत आला होता, शीट नाकाला लावून बघायचे. त्यांनी विचारलं, बाई, वर माणसं जातात कशी? मी म्हटलं, आतून शिडी आहे. त्यांनी चित्रवही मागितली नाही. माझी मागायचे नाहीत ते. बाकी सगळ्यांची मागायचे.

तर असं आहे. तुझ्या आईची खोली एका दुपारी गेली, तिला कळायला छत्तीस वर्षं लागली. तेव्हा मला वाटलं होतं महिन्या-दोन महिन्यांत कळेल, येईल भांडायला, तेव्हा बोलीन चार शब्द तोंडावर. पण शीटं कोण बघतंय? पडून राहिली कपाटात.

ह्यांच्याशी? ह्यांच्याशी मी बोलणं टाकलं. तसं कामापुरतं बोलायचे — वाढलंय, गॅस संपलाय, तुमच्या बहिणीचा फोन होता. त्यापलीकडे नाही. पहिल्या वर्षी विचारायचे, काय चुकलं माझं? मी म्हणायचे, तुम्हाला ठाऊक. दुसऱ्या वर्षी रडले एकदा, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून. चांगला उंचापुरा माणूस. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. म्हटलं, नाटकं. मग विचारणं सोडलं त्यांनी. सत्तावीस वर्षं, मोज. आरोप काय आहे ते न सांगता सत्तावीस वर्षं. मेल्यावरसुद्धा चेहरा तसाच होता, काहीतरी विचारायचं राहिल्यासारखा. बायका म्हणाल्या, किती शांत गेले. मी म्हटलं, हो.

रडतेस कशाला तू? तुझे कोण लागत होते ते?

पुढचं ऐक, पुढचंच तर आहे. नऊ वर्षं झाली आता. ते गेल्यावर पंधरा दिवसांनी मी त्यांचे कपडे काढले कुणाला द्यायला. तळाशी एका पिशवीत जुन्या चपला निघाल्या — त्याच. काळा पट्टा, पांढरे टाके. फेकत नसत ते काही. हातात घेतल्या, म्हटलं ह्या जाळते. आणि उलट्या केल्या. डाव्या चपलेची टाच झिजलेली, बाहेरच्या बाजूनं, पार पातळ. झिजणारच — सायकलवरून पडले होते लग्नाच्या आधी, डावा पाय जरा ओढत चालायचे. जन्मभर ज्या चपला घातल्या त्या सगळ्यांच्या डाव्या टाचा तशाच झिजल्या. मला ठाऊक होतं की हे! रोज बघत होते! आणि माझ्या काय मनात आलं कोण जाणे, कपाटावरून वाकड्या गल्लीची वही काढली. सत्तावीस वर्षांत एकदाही उघडली नव्हती. कशाला उघडायची, मला तोंडपाठ होतं त्यात काय आहे ते.

उघडली. तिसरी पायरी. टाचा गल्लीकडे, मी सांगितलं ना तुला. झिजलेली टाच उजवी. आतल्या बाजूनं. मी नीट छाया दिलीय तिथे, चार तिरक्या रेघा, पातळ झालीय असं दाखवायला. डावी टाच धडधाकट, जाड, नव्यासारखी. माझ्याच हातानं काढलंय. खोटं काढायला शिकलाच नव्हता हा हात. चित्रात सगळं होतं गं. ह्या चपला तुझ्या नवऱ्याच्या नाहीत, एवढं स्पष्ट लिहिलं होतं चित्रात, आणि जगाला अक्कल शिकवणारी मी, मीच ते पाच टाके बघून उठले. टाके काय, तुझी आई अख्ख्या गल्लीच्या चपलांना घालत असणार, त्याच दोऱ्यानं.

कुणाच्या होत्या? आता तूच सांग, मला ते कधी कळलं नाही. …मामाच्या? तुझा मामा राहायला होता तेव्हा, आई अजून सांगते म्हणतेस? सख्खा मामा. आजारी होता आणि दुपारी झोपायचा, म्हणून मशीन बंद ठेवायची ती. अस्सं. बहीण भावाला झोपू देत होती. बरं झालं सांगितलंस. नसतं सांगितलंस तरी चाललं असतं.

पाणी? पाणी नको मला. बस तू.

हो, ती वही आहे. ऑफिसनं सगळ्या रद्दीत काढल्या होत्या, मी उचलून आणल्या घरी. वर आहे, तुझ्या डोक्यावरच्या फळीवर, निळ्या पुठ्ठ्याची. ऊठ, काढ. सांभाळून, धूळ पाडू नकोस कागदांवर. इकडे आण. हे बघ. हात लावू नकोस, नुसतं बघ. हे सुताराचं दुकान, हा रंधा टांगलेला. ही खिडकी, हा छज्जा. आणि हा तुमचा जिना — दगड, एक, दोन, तीन… अकरा. सातव्याला वळण. वर दाराच्या चौकटीपाशी ही कोण उभी आहे बघितलंस? तुझी आई. आणि कडेवर हे जे गोल बोचकं आहे ते तू. मला चहा विचारून परत चढली तेव्हा काढली मी तिला. खाली तारीख, ऑफिसचा शिक्का, माझी सही. हो, शिक्का आहे. दर सकाळी वहीच्या पानावर शिक्का मारूनच आम्ही बाहेर पडायचो, म्हणून तर म्हणते — हे पान उद्या साहेबासमोर ठेवलंस तर सुताराचं तोंड गप्प. माळा खोडून बिऱ्हाड लिहावं लागेल त्यांना. एवढं एक पान.

माहितीये मला, गेली नऊ वर्षं माहितीये. नऊ वर्षं हे पान घेऊन ऑफिसात जायचं होतं मला, शीट दुरुस्त करा सांगायला. आणि साहेब काय विचारणार? बाई, तुमच्यासारखीच्या हातून जिना सुटला कसा? मग सांगा. चोवीस माणसांसमोर सांगा. नवऱ्याला सत्तावीस वर्षं दारात उभं केलं आणि तो निर्दोष होता, आणि पुरावा माझ्याच कपाटावर पडला होता. लाज वाटते गं मला. दुसरं काही नाही, साधी लाज.

काय? नाही सांगणार म्हणतेस? कारण कुणाला सांगणार नाही, नुसतं पान द्या? चुकून राहिला म्हणून सांगाल. हं. घाईमुळे. उजेड कमी होता. तसंही सांगता येईल… आई तुझी काय म्हणाली निघताना? काहीच नाही? मी कोण आहे ते तरी ठाऊक आहे का तिला? …खोक्यावर बसून चित्र काढणारी बाई, चहा नको म्हणाली ती. एवढंच लक्षात आहे तिच्या. बरं आहे. सुखी आहे बाई.

दे ती कात्री इकडे, टेबलावरची. शिवण उसवून पान मोकळं करावं लागेल, ओढलंस तर फाटेल. धर इकडून. घट्ट नको, नुसतं धर. सरळ पिशवीत घालू नकोस, वळ्या पडतील, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेव — तिथे आहेत पुठ्ठे, स्टुलाखाली. आणि उद्या साहेबाला हातात देऊ नकोस, टेबलावर ठेव आणि बोट दाखव, इथे, तिसऱ्या—

काय म्हणालीस?

नाही, पुन्हा म्हण. आता जे म्हणालीस ते. "तुमचंच जास्त वाईट झालं हो बाई." असं म्हणालीस ना? आणि हात कुठे ठेवलास? माझ्या खांद्यावर. काढ तो हात.

काढ म्हटलं ना! माझं वाईट झालं? तू ठरवणार? नऊ पायऱ्यांचा जिना काढणारी तू, तू माझी कीव करणार? माझ्या घरात बसून, माझ्या स्टुलावर? काम होईपर्यंत बाई-बाई, आणि पान सुटतंय दिसल्याबरोबर बिचारी म्हातारी? अगं, माझी कीव करायचा हक्क एका माणसाला होता. त्याला मी तो दिला नाही, आणि तुला देईन होय? आता जाऊन आईला सांगशील, ती अमकी बाई, तिनं असं असं केलं, नवऱ्याला छळलं, वेडी आहे गं, सोडून दे. आणि तुझी आई म्हणेल, अरेरे. वर, दारात उभी राहून, अरेरे म्हणेल ती मला! छत्तीस वर्षं मी तिला वाईट समजले, आणि आता तिनं मला माफ करायचं, गुडघे चोळत, नव्या खोलीत बसून! नको. पान सोड. सोड, फाटेल. फाटलं तर फाटू दे, पण सोड.

हं. आता वही माझ्या मांडीवर, मिटलेली. पाया पडून काही होणार नाही, ऊठ. उठतेस का शेजारच्यांना हाक मारू? आणि काय सांगशील उद्या साहेबाला, बाई म्हणाल्या जिना होता? सांग की. ते मला बोलावतील, मी रिक्षा करून येईन, शीट समोर ठेवतील. मी चष्मा लावीन, नीट बघीन, म्हणेन शीट माझंच, अक्षर माझंच, सही माझीच. जिना नव्हता. एकशे बारा गल्ल्या काढलेली बाई एकीकडे, आणि नऊ पायऱ्या मोजणारी पोरगी एकीकडे. साहेब कुणाचं धरेल?

पिशवी घे तुझी. मोबाईल राहिलाय बघ स्टुलावर. तोंड पूस, जिन्यात शेजारीण बसलेली असते, तिला दिसायला नको. सुनावणी किती वाजता म्हणालीस? अकरा? मग पावणेअकराला जाऊन बस, आईलाही ने. मिळायचं काही नाही तुम्हाला, पण वेळेवर जावं माणसानं. जा.